छापखान्यातल्या भागवतबाई

ज्या माणसाचा हेवा करायचा, तो निदान देखणा तरी असावा. म्हणजे स्वतःची समजूत घालता येते. भागवतबाई देखण्या नव्हत्या. बुटका बांधा, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, नऊवारीखाली कापडी बूट, आणि डाव्या हाताचा अंगठा कायम शाईने काळा. प्रूफं तपासणाऱ्या माणसाचा अंगठा काळा व्हायचं खरं म्हणजे काही कारण नाही. त्यानं टेबलाशी बसावं, चुकांवर खुणा कराव्यात आणि कागद पुढे सरकवावा. पण बाईंना चूक सापडली की त्या उठून थेट अक्षरं जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या केसपाशी, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीपाशी जात, तो चुकीच्या अक्षराचा खिळा स्वतः चिमटीत धरून उजेडाकडे करत आणि म्हणत, "मतलब असं की, हा बिचारा चुकून इथे आलाय." खिळ्याला बिचारा म्हणायच्या. कंपोझिटरला काहीच म्हणायच्या नाहीत.

बाई आमच्याकडे आल्या त्या इंदूरहून. ग्वाल्हेर आणि इंदूर ही दोन संस्थानं एक होऊन मध्यभारत झाला तेव्हाची गोष्ट. राजधानी हिवाळ्यात इथे ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात तिथे इंदूरला, असा सगळा मामला होता. तिथला पाठ्यपुस्तकांचा छापखाना बंद करून त्याची यंत्रं, खिळ्यांच्या केसेस आणि माणसं अशी तिन्ही आमच्या इंदरगंजातल्या छापखान्यात आणून ओतली. यंत्रं लगेच बसली. खिळेही बसले. माणसं काही बसेनात. आम्ही ग्वाल्हेरवाले म्हणजे दरबारी अदबीचे. आमच्याकडे साहेबांसमोर खोकलासुद्धा दाबून ठेवत. इंदूरचे लोक बाजारात बोलावं तसे ऑफिसात बोलायचे. दुपारच्या सुट्टीत एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला आम्ही.

या छापखान्यात माझे वडील दरबारच्या काळात सुपरिंटेंडेंट होते. कोपऱ्यात काचेची एक खोली होती आणि तिच्यात उंच पाठीची शिसवी खुर्ची. वडिलांनंतर आलेले गृहस्थ म्हातारे होत चालले होते, मी कंपोझिंग विभागाचा मुख्य होतो, आणि पुढे त्या खुर्चीवर मी बसणार हे आमच्या घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं होतं. मला आयुष्यात दुसरं काही फारसं हवं होतं असं नाही. ती खुर्ची मात्र हवी होती.

एका दुपारी बाईंनी काय करावं? फर्मे, म्हणजे छापायची पानं, बांधायच्या मोठ्या सपाट दगडावर वर्तमानपत्र पसरून इंदूरची शेव ओतली आणि सगळ्यांना हाक मारली. आमचा हरप्रसाद, कंपोझिटरांमधला सगळ्यात जलद माणूस आणि त्याची पुरेपूर जाणीव असलेला, त्यानं चार काड्या तोंडात टाकल्या आणि डोळ्यांत पाणी आलं.

"बाईसाहब, ये तो बहुत तेज़ है."

"इंदौर की है भैया," बाई म्हणाल्या, "धीरे बोलना इसे नहीं आता."

आणि हसल्या. बाईंचं हसणं मशीन चालू असतानाही ऐकू यायचं. दोन्ही टोकांची माणसं दगडाभोवती उभी राहून शेव खात होती. इतके दिवस त्यांना जवळ आणायचा विचार मीही करत होतो. मी एक परिपत्रक काढणार होतो.

सगळ्या सरकारी छापखान्यांवरचे आमचे कंट्रोलरसाहेब मद्रासकडचे. हिंदी तुटकं, पण नजर तीक्ष्ण. त्यांनी एकदा मला बोलावलं. "दप्तरदार, सब लोग आता है, सब लोग काम करता है, खतम कुछ नहीं होता." त्यांचं म्हणणं, प्रत्येक माणसानं आपलं दिवसाचं काम सकाळी स्वतः ठरवावं आणि संध्याकाळी ते झालं की नाही ते स्वतः पाहावं, हे लोकांना शिकवलं पाहिजे. शिकवायला कोणी तरी हवं. मी ज्येष्ठ, म्हणून मी.

मी फार मन लावून तयारी केली. आमच्याकडे काम गॅल्यांनी, म्हणजे जुळवलेल्या मजकुराच्या लांब पट्ट्यांनी मोजत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ज्येष्ठतेच्या क्रमानं ओळीत उभं केलं, ध्येय म्हणजे काय यावर छोटं भाषण केलं, आणि आदर्श म्हणून आधी माझं सांगितलं. "आज मैं आठ गैली जाँच कर दूँगा." मग हरप्रसादकडे वळलो. तो मनात आणलं तर माझ्या दुप्पट काम करू शकला असता. त्यानं हात जोडले.

"हुज़ूर आठ फ़रमा रहे हैं, तो हम सात कर लेंगे."

त्याच्या खालच्यानं सहा सांगितल्या. त्याच्या खालच्यानं पाच. मला काय होतंय ते कळेपर्यंत ओळ उतरत उतरत छोटेलालपाशी आली. छोटेलाल हा आमचा सगळ्यात नवा, खिळे निवडून देणारा माणूस. तो अगदी कळवळून म्हणाला, "हुज़ूर, हमारे लिए तो कुछ बचा ही नहीं."

यात कुणाचीही चेष्टा नव्हती. वरच्याच्या तोंडातून आकडा निघाल्यावर खालच्यानं त्याच्यावर जाणं म्हणजे उद्धटपणा, हे त्यांच्या हाडीमांशी मुरलेलं. हरप्रसादनं दुपारीच सात गॅल्या संपवल्या आणि माझ्या मानासाठी उरलेला दिवस पान चघळत बसून काढला. इंदूरचे लोक तोंडाला रुमाल लावून हसत होते. कंट्रोलरसाहेबांनी रुमालही लावला नाही. आणि काम भागवतबाईंकडे गेलं, कारण त्या आधी मुलींच्या शाळेत शिकवत असत.

दुसऱ्या दिवशी मी मशीनच्या आडून बघत होतो. बाई ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. थेट छोटेलालसमोर.

"छोटेलाल भैया, आज शाम को यहाँ ऐसा क्या होगा, जो अभी नहीं है?"

छोटेलाल गोंधळला. त्यानं आधी स्वतःकडे, मग छताकडे पाहिलं. "झाड़ू लग जाएगी."

"वो तो रोज़ लगती है. और?"

बराच वेळ गेला. मला वाटलं, आता बाई काही तरी सुचवतील. त्यांनी सुचवलं नाही. हात बांधून उभ्या राहिल्या, जणू त्यांना दुसरं कामच नव्हतं. शेवटी छोटेलाल म्हणाला, "वो कोने वाले केस में 'क' का ख़ाना ख़ाली पड़ा है. भर दूँगा."

"बस. इतना ही," बाई म्हणाल्या आणि पुढे सरकल्या. असं करत करत वर आल्या. हरप्रसादला त्याच्यावरच्या कुणाचा आकडा ठाऊकच नव्हता, त्यामुळे त्याला त्याचा स्वतःचाच सांगावा लागला, आणि तो सांगताना माझ्याकडे बघून लाजला. सगळ्यात शेवटी बाईंनी स्वतःचं सांगितलं. "मी पाचवीच्या भूगोलाचं एक पान तपासणार. कितीदा तपासलं, पण कुठे तरी चूक राहिलीय असं वाटून राहिलंय." एक पान! मी आठ गॅल्या सांगितल्या होत्या.

संध्याकाळची घंटा व्हायच्या आधी पुन्हा सगळे जमायचे. जे झालं ते सांगायचं, जे झालं नाही तेही सांगायचं. का झालं नाही, हे बाई विचारत नसत. "कुठे अडलं?" एवढंच विचारायच्या. आणि कुणी सकाळी उत्साहात मोठं काही बोलू लागला तर हात वर करायच्या, "उद्याचं आज नको, भैया." त्यांना कुणाला कमी काम करताना पाहून वाईट वाटत नसे, पण नुसतं बोलून विसरताना पाहिलं की चेहरा उतरायचा. बस, तेवढीच शिक्षा. मोठमोठी माणसं त्या उतरलेल्या चेहऱ्याला भीत. मी ओरडलो तर लोक मनावर घेत नसत.

हे चार दिवसांत मोडेल म्हणून मी वाट बघत होतो. मोडलं नाही. मग मला हरप्रसादकडून आशा वाटायला लागली.

हरप्रसाद कंपोझ करताना बोटं दिसत नसत. पण एकदा पान छापून झालं की त्यातले खिळे सोडून ते केसमध्ये ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचे, हे काम त्याला हलकं वाटायचं. बांधलेली पानं तो तशीच रॅकवर रचून ठेवी आणि खिळे कमी पडले की शेजारच्यांच्या केसमधून उचले. संध्याकाळी मात्र सगळ्यांपेक्षा मोठ्यांदा सांगे, "मेरा काम पूरा!" तसं ते व्हायचंही. बाई मान डोलवायच्या. मला वाटलं, बाईंना हे कळतच नाही.

एक दिवस सकाळी बाई म्हणाल्या, "हरप्रसाद भैया, आज के दिन ज़रा छोटेलाल की जगह बैठेंगे?" हरप्रसाद ऐटीत जाऊन बसला. छोटेलालच्या शेजारची ती केस म्हणजे हरप्रसादचं रोजचं लुटायचं ठिकाण. कागद समोर लावला, हात गेला आणि बोट लाकडावर आपटलं. 'र'चं घर रिकामं. वेलांटीचं घर रिकामं. "इसमें तो कुछ है ही नहीं!" तो ओरडला.

"हाँ भैया," बाई म्हणाल्या. "ये आपका कल का पूरा किया हुआ काम है."

आवाज चढवला नाही. हसल्यासुद्धा नाहीत. पण सगळ्या विभागाचे हात थांबले. हरप्रसाद त्या दिवशी जेवला नाही. माझ्याकडे आला आणि भडाभडा बोलला. मी त्याला सगळी सहानुभूती दिली. इंदूरवाल्यांना काय कळतंय, असंही म्हणालो. फार दिवसांनी माझ्याकडे कुणी तरी मन मोकळं करायला आलं होतं, त्यामुळे चहाही मागवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची पाळी आली तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "आज दो गैली. और टाइप वापस, अपने-अपने घर में." बाईंनी त्याच्या खांद्यावर तो काळ्या अंगठ्याचा पंजा टेकवला आणि पुढे गेल्या. माझा चहा फुकट गेला.

बरं, ऑफिसात जे व्हायचं ते होवो, घरी तरी सुटका असावी की नाही? सराफ्याजवळच्या गल्लीत आमचं घर. हळदीकुंकवाला माझ्या बायकोनं, सुधानं, बाईंना बोलावलं आणि तिथून त्यांचं येणं सुरू झालं. बाई किल्लागेटला एका खोलीत एकट्या राहत. लग्न का केलं नाही, हे मी कधी विचारलं नाही. सुधानं विचारलं, आणि मला सांगितलं नाही. थोड्या दिवसांनी सकाळी दाढी करताना माझ्या कानावर आलं, "आज मी लोणच्याच्या बरण्या धुऊन उन्हात ठेवणार."

"कुणाला सांगतेस?" मी विचारलं.

"कुणाला नाही. तोंडानं बोललं की होऊन जातं. बाई म्हणतात."

"बाई आता इथेच राहायला आल्यात काय?"

"तुम्ही फालतूमध्ये जळून राहिलाय," सुधा म्हणाली. "बिलकुल कारण नाही."

कारण होतं. माणसं मुलांच्या शाळेच्या गोष्टी, बायकोशी झालेलं भांडण, सासऱ्याचं आजारपण, सगळं घेऊन बाईंकडे जात. बाईही फार शहाणपणाचं काही सांगत, असं नाही. त्यांचं आपलं तेच. "ठीक है. आज शाम तक इसमें से क्या हो सकता है?" तेवढ्यानं माणसाचा चेहरा हलका व्हायचा. मी त्यांच्यापेक्षा जास्त वाचलेलं होतं. माझं अक्षर त्यांच्यापेक्षा चांगलं होतं. मला या छापखान्याची वीट न् वीट ठाऊक होती. मी रात्री पडल्या पडल्या या सगळ्याची बेरीज करत असे आणि तरी उत्तर बाईंच्या बाजूनंच यायचं.

मग पुन्हा राज्यं फोडून जोडायची वेळ आली. मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार. राज्याचं नाव बदललं की पहिला भार छापखान्यावर येतो. प्रत्येक खात्याच्या प्रत्येक कागदावरचं नाव बदलायचं, आणि एक नोव्हेंबरच्या आधी. त्यातच आमचे म्हातारे सुपरिंटेंडेंट निवृत्त झाले. कंट्रोलरसाहेबांनी सांगितलं, हे काम उरकलं की त्या जागेचा निर्णय होईल. ऑफिसात दोनच नावं घेतली जात होती. एक माझं, आणि दुसरं काय सांगायला हवं?

काम सुरू झालं आणि लगेच अडलं. इतकी वर्षं मथळ्यांसाठी 'भ' पुरत नसे. आता 'प्र' पुरेना. मथळ्याच्या मोठ्या टाइपात 'प्र' हा एकच जोडलेला खिळा असतो आणि ते आमच्याकडे मोजकेच. प्रत्येकाच्या कागदावर वर 'मध्यप्रदेश शासन' हवं. माणसं एकमेकांच्या अंगावर जाऊ लागली. तेव्हा मला सुचलं, की मथळा प्रत्येकानं जुळवायचाच कशाला? मथळ्याची ओळ बांधून तशीच ठेवावी, एकाचं छापून झालं की ती अख्खी ओळ पुढच्याच्या हातात द्यावी. फिरती ओळ. कल्पना माझी. साफ माझी. मी ती दुपारी बाईंच्या कानावर घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं, "ये दप्तरदारसाहब की सूझ है."

त्यावर लोक काय म्हणाले असतील? "बाईसाहब का दिल बहुत बड़ा है." मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

पण खरं सांगायचं तर ती ओळ फिरली ती बाईंच्या सकाळ-संध्याकाळमुळेच. ओळ हातात आल्यावर ती वेळेत पुढे द्यायची, हे हुकूम काढून झालं नसतं. "दोपहर तक मैं छोड़ दूँगा," असं हरप्रसाद सकाळी सगळ्यांदेखत बोले, आणि दुपारी छोटेलाल त्याच्याजवळ नुसता जाऊन उभा राही. इंदूरचा माणूस ग्वाल्हेरच्या माणसाच्या हातात ओळ देई आणि तो दुसऱ्या इंदूरच्याला. एवढ्या वर्षांत सरकारला जे एकत्र करता आलं नव्हतं, ते त्या ओळीनं केलं. एक नोव्हेंबरला सगळे कागद पोहोचले होते. कंट्रोलरसाहेब दगडापाशी आले, बाईंना त्यांनी हात जोडले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. हात जोडणं आणि थाप यांतला फरक मला समजतो.

आणि आठवड्याभरात हुकूम आला. सुपरिंटेंडेंट, दप्तरदार. दरबारची माझी सगळी नोकरी ज्येष्ठतेत धरली गेली होती. बाईंची भोपाळच्या नव्या छापखान्यात बदली, तिथल्या माणसांना शिकवण्यासाठी. हरप्रसादनं मला हार घातला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुधानं श्रीखंड केलं. मी वडिलांच्या खुर्चीत बसलो, काचेतून बाहेर पाहिलं, तर सगळा विभाग बाईंच्या टेबलाभोवती गोळा झालेला. बाईंना राजधानीत बोलावलं होतं. मला जिथल्या तिथे ठेवलं होतं. हवी होती ती वस्तू हातात आल्यावरही माणूस जळू शकतो, हे मला त्या दिवशी समजलं.

बाई जायच्या दिवशी सकाळी मी छापखान्याच्या फाटकाशी आलो तेव्हा बाहेर एक टांगा उभा होता. मागच्या बाजूला ट्रंक, वळकटी आणि त्यांच्यामध्ये बाई. आतून सकाळच्या बोलण्याचे आवाज येत होते. छोटेलालचा आवाज चांगला कळत होता. बाई मान कलती करून ऐकत होत्या.

"आत या की," मी म्हणालो.

"नको. आत गेले तर गाडी चुकेल." मग चष्मा काढून पदरानं पुसला. "तुमचीच वाट बघत होते, दप्तरदारसाहेब. एक सांगायचं होतं. ती खुर्ची मला हवी होती."

मी टांगेवाल्याकडे पाहिलं.

"मतलब असं की, नुसती मनात हवी होती असं नाही. मी साहेबांकडे जाऊन मागितली होती. शाळेतली वर्षं नोकरीत धरत नाहीत म्हणाले. तुम्हाला मिळाली तेव्हा मला तुमचा फार हेवा वाटला. अगदी वाईट हेवा. तुमच्याकडचं श्रीखंडसुद्धा मला गोड लागलं नाही. आठवडाभर तुमच्याशी नीट बोलले नाही, लक्षात आलं असेल तुमच्या."

माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी माझ्याच जळण्यात होतो.

"हे असं घेऊन भोपाळला जायचं नव्हतं," बाई म्हणाल्या. "म्हणून बोलून टाकलं. आता नाहीये."

टांगेवाला ऐकत होता. रस्त्यावरून माणसं जात होती. मी इतकी वर्षं जे पोटात घेऊन फिरत होतो, बायकोसमोरसुद्धा ज्याची कबुली दिली नव्हती, ते बाईंनी भर इंदरगंजात, दिवसाउजेडी, साध्या आवाजात सांगून मोकळं केलं होतं. बाई, मलाही तुमचा, एवढं माझ्या जिभेपर्यंत आलं. खरंच आलं. मी म्हणालो, "निघा आता. गाडीला उशीर होईल."

"हो, निघते," त्या म्हणाल्या. "सुधाला सांगा."

टांगा हलला. मागच्या बाजूला बसलेल्या माणसाचं तोंड टांग्यानं मागे टाकलेल्या रस्त्याकडे असतं, त्यामुळे बाई माझ्याकडेच बघत लांब जात होत्या. एक हात ट्रंकेवर, दुसऱ्यानं पदर धरलेला. चेहऱ्यावर माझ्याविषयी काही म्हणजे काही उरलेलं नव्हतं. चौकातून टांगा वळेपर्यंत मी तो मोकळा चेहरा बघत राहिलो, आणि आयुष्यात कधी नव्हे एवढा त्यांचा हेवा वाटला.